पायाचा जोर मोजणारा काटा

वसमतच्या मोंढ्यामागच्या गल्लीत माझं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. तीस वर्षं मी हेच करतो. हळदीची पोती तोलणारे मोठे काटे, किराणा दुकानातले, सोनाराकडचे नाजूक, कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात नेतात ते हुकाला लटकवायचे, सगळे माझ्या हाताखालून गेलेत. काट्यावर माणसं काय काय ठेवतात ते आता सगळं बघून झालं, असं मला वाटायचं.

जानेवारीतली एक दुपार होती. पंचवीस-सव्वीस वर्षांची एक मुलगी स्कूटी लावून दुकानात आली. पाठीला सॅक, हातात हेल्मेट. म्हणाली, "काका, लटकता काटा पाहिजे. शंभर किलोपर्यंतचा."

"कापूस मोजायला?"

"नाही. पाय मोजायला."

मी पाना खाली ठेवला. "पायाचं वजन करायचंय?"

"वजन नाही, जोर. पाय पुढं ढकलताना किती जोर लागतो, तेवढाच आकडा पाहिजे."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. बियाणांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या घेऊन तिनं फिजिओथेरपीचा दवाखाना टाकला होता. तिच्याकडं कबड्डी खेळणारी एक कॉलेजची मुलगी येत होती. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तिला तीन महिने झाले होते. आता कुठला पाय किती कमजोर आहे हे नक्की कळल्याशिवाय पुढचा व्यायाम ठरवता येत नव्हता. मोठ्या शहरांत त्यासाठी कंप्युटर लावलेली खुर्ची असते म्हणे. माणूस बसवायचा, पाय बांधायचा, पडद्यावर सगळं येतं.

"मग ती खुर्ची मागवा की," मी म्हणालो.

"ती खुर्ची वसमतला येईपर्यंत माझी पेशंट म्हातारी होईल, काका. काट्यावरही होतं हे. मी शिकताना केलंय. फक्त तो बांधायचा कसा, ते तुम्हाला जास्त कळेल."

शेवटच्या वाक्यानं मी अडकलो. संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं आणि एक काटा पिशवीत घालून तिच्या दवाखान्यात गेलो.

जिना चढून आत गेलो तर टेबलावर एक सोळा-सतरा वर्षांची पोरगी पाय लांब करून बसली होती. सावळी, काटक, केसांची घट्ट वेणी. उजव्या मांडीवर चार चिकट पट्ट्या लावलेल्या आणि त्यांच्या वायरी एका छोट्या मशीनला जोडलेल्या. स्कूटीवाल्या त्या मुलीनं, म्हणजे मॅडमनं, बटण फिरवलं की मांडीचा स्नायू आपोआप आवळायचा आणि पोरगी त्याच्याकडं दुसऱ्याच कुणाचा पाय असल्यासारखं बघायची. तिच्या दोन मांड्यांतला फरक मला दारातूनच दिसला. एक खेळाडूची होती, दुसरी आजारी माणसाची.

"ऑपरेशननंतर स्नायू झोपून जातो," मॅडम मला म्हणाल्या. वयानं त्या माझ्या पुतणीएवढ्या, पण तिथं त्यांचं काम बघितलं आणि तोंडून मॅडमच निघालं, ते आजपर्यंत तसंच आहे. "गुडघा दुखतो म्हणून मेंदू त्याला काम सांगायचं बंद करतो. हा करंट त्याला जागं करायला. पण नुसतं मशीन चालवून भागत नाही. मशीननं स्नायू आवळला की हिनंही त्याच वेळी जोर लावायचा. लाव गं."

पोरीनं दात आवळले. कपाळावर घाम आला. मांडी जरा थरथरली.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर तिचा बाप बसला होता. आखाडा बाळापूरजवळच्या एका तांड्यावरचे हे लोक. घरची थोडी शेती, आणि हा बाळापूर-वसमत रस्त्यावर जीप चालवायचा. आठवड्यातून दोनदा सवाऱ्यांसोबत लेकीला घेऊन यायचा. तिच्या गुडघ्याला काय झालं ते त्यानंच मला सांगितलं.

"तालुक्याच्या मॅचमधी चढाईला गेली. कुणी धक्का मारला न्हाई, कुणी पकडलं न्हाई. पाय रोवून वळली, तर पाय तिथंच राहिला अन् अंग वळलं. मी रेषेजवळच उभा होतो. आवाज आला साहेब, ऊस मोडल्यावानी. आमी समजलो मुरगळला. तेल लावलं, पट्टी बांधली. महिन्यानं सूज उतरली, पण चालता चालता गुडघा निसटायचा. मग नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणले आतली दोरी तुटली. तिच्याच मांडीमागची एक शीर काढून तिथं बसवली."

"आता बरी होईल की," मी म्हणालो.

"बरी व्हयल हो. तिला खेळायचंय."

त्या दिवशी काही जमलं नाही. पोरीला टेबलाच्या काठावर बसवायचं, गुडघा काटकोनात वाकवून पाय खाली सोडायचा, घोट्याच्या वर पट्टा बांधायचा, पट्ट्यामागं काटा, काट्यामागं साखळी आणि साखळी टेबलाच्या मागच्या पायाला. पोरीनं पाय पुढं ढकलला की काटा ताणला जाणार आणि आकडा येणार. ऐकायला सोपं होतं. तिनं चांगल्या पायानं जोर लावला आणि आख्खं टेबल खरडत पुढं गेलं. तिचा बाप उठून टेबल धरायला धावला. पोरगी खदाखदा हसली. मॅडम म्हणाल्या, ऑपरेशननंतर पहिल्यांदा ही एवढी हसतेय.

पुढचे आठ-दहा दिवस माझ्या डोक्यात तेच. टेबल फरशीला बोल्टनं आवळलं. साखळी टेबलाच्या पायाला न बांधता मागच्या भिंतीत कडी ठोकली, घोट्यावरच्या पट्ट्याच्या बरोबर उंचीला, म्हणजे ओढ सरळ रेषेत येईल. ओढ तिरकी झाली की आकडा खोटा येतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लटकता काटा आडवा धरला की त्याचं शून्य हलतं, ते नव्यानं लावलं. आकडा सारखा नाचायचा, म्हणून सगळ्यात मोठा आकडा पडद्यावर थांबून राहील अशी सोय केली. पहिला पट्टा दप्तराच्या पट्टीचा केला होता, तो नडगीला काचला. मग बॅगा शिवणाऱ्याकडून रुंद पट्टा शिवून घेतला, आतून नमद्याचं जाड, मऊ अस्तर लावून. मॅडम प्रत्येक वेळी आधी स्वतःचा पाय बांधून बघायच्या, मग मला बसवायच्या. माझ्या उजव्या पायाचा जोर डाव्यापेक्षा पाच किलोनं कमी निघाला. "काका, तुम्ही पण व्यायाम करा," त्या म्हणाल्या. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग पोरीचं पहिलं मोजमाप झालं. चांगला पाय अडतीस. ऑपरेशनचा पाय चौदा.

ती बराच वेळ त्या चौदाकडं बघत राहिली. "म्हंजी अर्धा बी न्हाई," ती म्हणाली.

"आज नाही," मॅडम म्हणाल्या आणि भिंतीवरच्या कागदावर तारीख घालून दोन्ही आकडे लिहिले. "दोन्ही पायांत दहाव्या हिश्श्याहून जास्त फरक राहिला तर मैदानात सोडणार नाही. आणि आकडे जुळले तरी नऊ महिन्यांच्या आत नाही. आतली दोरी मुरायला तेवढा वेळ लागतोच. आत्ताच सांगून ठेवते."

"व्हय मॅडम."

दर पंधरा दिवसांनी मोजमाप व्हायचं आणि त्या दिवशी मी काही ना काही निमित्त काढून तिथं जायचो. पट्टा बघतो, कडी बघतो. खरं म्हणजे मला आकडा बघायचा असायचा. सोळा. साडेसतरा. मध्येच पुन्हा सतरा, कारण घरात लग्न होतं आणि व्यायाम चुकला होता. मॅडम रागावल्या नाहीत. फक्त सतराच्या शेजारी 'लग्न' असं लिहिलं. तेव्हा पोरगी जी लाजली, ती एप्रिलपर्यंत एकदाही चुकली नाही आणि आकडा भराभर चढत गेला.

मी आयुष्यात कुठला खेळ खेळलो नाही. खेळाडूची मेहनत म्हणजे धावणं, उड्या, घाम, शिट्ट्या, असं मला वाटायचं. या पोरीची मेहनत बघायला गेलं तर काहीच नव्हती. भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं आणि तसंच राहायचं. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबायची. एका पायावर उभं राहायचं. बघणाऱ्याला कंटाळा येईल अशा गोष्टी, आणि ही त्या रोज, दोन वेळा, कुणी बघत नसताना करत होती. कॉलेजातल्या तिच्या मैत्रिणी संध्याकाळी मैदानावर सराव करायच्या तेव्हा ही घरी भिंतीला टेकून बसलेली असायची. एकदा मी विचारलं, "कंटाळा येत नाही का गं?"

"येतो ना काका. लई येतो," ती म्हणाली. "मंग मी मनात चढाई करते. त्यांच्यात कोण कुठं उभं हाये, कुणाला हात लावायचा, कुठून निघायचं. एक चढाई तीस सेकंदांची. भिंतीला दोन चढाया टेकलं की मिनिट होतं."

एप्रिलमध्ये हळद जोरात होती. मोंढ्यात पाय ठेवायला जागा नव्हती आणि दोन मोठे काटे एकाच दिवशी बंद पडले होते. त्यातच मॅडमचा फोन आला. "काका, आपला काटा बिघडलाय बहुतेक. येऊन जाता का?"

"काय झालं?"

"चांगला पाय तीस दाखवतोय. कायम अडतीस-एकोणचाळीस असायचा. ऑपरेशनचा पाय अठ्ठावीस. दोन्ही जवळजवळ सारखे आलेत. मला पटत नाही."

मी वैतागलो होतो, पण माझा काटा खोटं बोलतो हे मला सहन होईना. वीस किलोचं एक प्रमाणित वजन आणि दहाचं एक सायकलीला लावलं आणि निघालो.

मॅडम आतल्या खोलीत एका आजीबाईंचा खांदा बघत होत्या. पोरगी टेबलावर बसली होती. मी काटा सोडवला, दाराच्या चौकटीवरच्या हुकाला टांगला, वीसचं वजन लावलं. काट्यानं वीस दाखवले. दहाचं अडकवलं. तीस. काढलं, परत लावलं. तीस. काट्यात कणभर फरक नव्हता.

मी वजनं खाली ठेवली आणि वळलो तर पोरगी माझ्याकडं बघत होती. आणि मला कळलं. काट्याला फसवता येत नाही, पण चांगल्या पायानं कमी जोर लावायला कुणाची हरकत आहे?

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "आजचे आकडे खरे हायेत म्हणा ना."

मी आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं.

"पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या संघाची निवड हाये. आकडे जुळले तर नऊ महिन्यांचं मी मॅडमला मनवते, अन् त्यांनी लिहून दिलं तर कॉलेजचे सर मला घेतील. मला आता दुखत न्हाई काका, बराबर सांगून राहिले. पळता येतं. गुपचूप पळून पाहिलं मी. तुमी फक्त म्हणा, काटा आधी बिघडलेला होता, आता नीट केला."

तीस वर्षांत मला हे किती जणांनी सांगितलंय. जरा इकडं फिरवा, जरा तिकडं, कुणाला कळतंय. त्या लोकांसाठी माझ्याकडं तयार उत्तर असतं आणि ते देताना मला काही वाटत नाही. पण त्यांच्यापैकी कुणी सहा महिने भिंतीला टेकून बसलं नव्हतं. त्या पोरीचे डोळे भरले होते. मला वाटलं, एक शब्द बोलायचाय फक्त. तिच्या गुडघ्याचं मला काय कळतं? कदाचित काही होणारही नाही.

मग मला तिच्या बापानं सांगितलेला तो आवाज आठवला.

"मी नाही सांगू शकत बेटा," मी म्हणालो. "पण तुझ्याबद्दलही मी काही सांगणार नाही. ते तुझं तू बघ."

तेवढ्यात मॅडम हात पुसत बाहेर आल्या. "काय निघालं काका?"

"काटा ठीक आहे," मी म्हणालो आणि वजनं पिशवीत भरायला लागलो. उगाच वेळ लावून भरली.

 मग पोरगी म्हणाली, "मॅडम, चांगल्या पायानं मी कमी जोर लावला."

मला वाटलं आता बोलणी बसणार. मॅडमनं स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं. काका, काटा परत बांधा. आपण पुन्हा मोजू."

मी बांधला. चांगला पाय एकोणचाळीस. ऑपरेशनचा पाय सत्तावीस. मॅडमनं सकाळचे आकडे खोडले आणि हे लिहिले.

"बघ," त्या म्हणाल्या. "बारा किलो कमी आहेत. चढाईत वळताना पायाला जो जोर पाहिजे, त्यातले हे बारा किलो तुझा स्नायू देणार नाही. मग ते सगळं त्या नव्या दोरीवर येणार. ती अजून कच्ची आहे. परत तुटली तर परत तुझ्याच अंगातली दुसरी काढावी लागेल."

"मंग सहा महिने केलं ते काय कामाचं?" पोरगी ओरडलीच. "सगळ्या पुढं गेल्या. मी भिंतीला टेकून बसले!"

"चौदाचे सत्तावीस झाले. ते कुणी केले? मी केले की या मशीननं?"

 पोरगी तोंड फिरवून रडत राहिली. बाप तिला घ्यायला वर आला तेव्हा दोघींपैकी कुणीच त्याला काही सांगितलं नाही. तो माझ्याकडं बघायला लागला. मीही जिना उतरलो.

त्यानंतर ती दवाखान्यात यायचीच बंद झाली. बाप सवाऱ्या घेऊन यायचा, पण मागं लेक नसायची. तो एकदा माझ्या दुकानासमोर थांबला. "काहून येत न्हाई, विचारलं तर बोलत न्हाई. जेवती, झोपती. व्यायाम बंद हाये. काय झालं साहेब तिकडं?"

मी म्हणालो, "मॅडमना विचारा."

त्यानं विचारलं, आणि मॅडमनं त्याला काही सांगण्याऐवजी रविवारी स्कूटी काढली आणि त्या भर उन्हात बाळापूरच्या पुढं तांड्यावर गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बापानं मला एवढंच सांगितलं की मॅडमनं त्याच्या बायकोच्या हातची भाकरी खाल्ली, पोरीशी बाजेवर बसून परीक्षेच्या, कॉलेजच्या गप्पा मारल्या, गुडघ्याचं नावही काढलं नाही. आणि निघताना टेप काढून त्याच्या जीपच्या मागच्या पायदानाची उंची मोजली.

"पायदान कशाला?" मी विचारलं.

"मी बी तेच विचारलं. म्हणल्या, एवढी उंची बराबर हाये. आता हिनं रोज ह्याच्यावरून उतरायचं. सावकाश."

ते सावकाश म्हणजे काय, हे मला मे महिन्यात कळलं. बाळापूरच्या बाजारात एका आडत दुकानाचा काटा बघायला गेलो होतो. काम आटोपून स्टँडकडं आलो तर त्याची जीप भरायची बाकी होती. आत सात-आठ सवाऱ्या बसलेल्या. भाजीच्या पाट्या, एक बाई लेकरू घेऊन, पागोटं बांधलेले दोन म्हातारे. आणि मागच्या पायदानावर ही पोरगी ऑपरेशनच्या पायावर उभी. दुसरा पाय हवेत. गुडघा हळूहळू वाकवत दुसऱ्या पायाची टाच जमिनीला जेमतेम टेकवायची आणि परत वर यायचं. गुडघा आत पडू द्यायचा नाही, सरळ पुढं ठेवायचा. चेहरा लाल झालेला.

"अकरा!" आतला एक म्हातारा ओरडला.

"दहाच झाले बाबा," लेकरूवाली बाई म्हणाली. "मघाचं एक वाकडं झालं. ती म्हणली ना, वाकडं झालं की मोजायचं न्हाई."

"बरं, दहा. चल गं पोरी, दहा!"

मी गाडीच्या मागं उभा राहिलो. अकरा झाले, बारा झाले. बाराव्याला पाय इतका थरथरला की मला वाटलं पडते आता. पडली नाही. पंधरा झाल्यावर सगळ्या जीपनं टाळ्या वाजवल्या आणि ती खाली मान घालून हसत बापाशेजारी जाऊन बसली. बाप मला म्हणाला, "गाडी भरेस्तोवर हेच चालतं. सवाऱ्या आता घाई करीत न्हाईत."

जूनमध्ये ती परत दवाखान्यात आली आणि सरळ टेबलावर जाऊन बसली. चांगला पाय चाळीस. ऑपरेशनचा तेहतीस. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. दोन्ही वेळेला तिनं टेबलाच्या कडा पकडून, डोळे मिटून, होता नव्हता तेवढा जोर लावला होता.

पुढं उड्यांची पाळी आली. मॅडम फरशीवर खडूनं रेघ मारायच्या आणि पोरीनं एका पायावर उडी मारून त्याच पायावर थांबायचं. मॅडम मोबाइलवर त्याचं चित्रण करायच्या आणि मग ते अगदी मंद गतीनं लावून दोघी एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून बघायच्या. "हे बघ, इथं गुडघा आत गेला. इथं. दिसला?" "दिसला." "परत." मलाही दाखवायच्या. आधी मला काही दिसायचं नाही. नंतर नंतर दिसायला लागलं. गुडघा पाय टेकल्यावर क्षणभर आतल्या बाजूला लवतो, नुसत्या डोळ्याला ते कळत नाही. त्या एका लवण्यासाठी दोघींनी दीड महिना घातला. मॅडमच्या धीराचं मला त्या पोरीइतकंच नवल वाटायचं. कुठल्याही दिवशी 'चालेल, पुरे आता' असं म्हणायची त्यांना सोय होती. त्यांनी ते कधी म्हटलं नाही.

सप्टेंबरच्या मध्याला चांगला पाय एक्केचाळीस आला, ऑपरेशनचा अडतीस. उडी दोन्ही पायांची सारखी. मॅडमनं कागदावर आकडे लिहिले, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून मैदानावर जा. आधी नुसता सराव. पकड महिन्यानं."

पोरगी टेबलावरून उतरलीच नाही. "नक्की?"

"नक्की."

ती माझ्याकडं वळली. "काका, काटा बराबर हाये ना?"

"तुझ्यासमोर वजन लावून दाखवू?" मी म्हणालो, तशी मॅडम आणि ती दोघी हसत सुटल्या.

तिची पहिली खरी मॅच सेनगावच्या एका शाळेच्या मैदानावर झाली. सोयाबीनची काढणी होऊन गेली होती, थंडी नुकती सुरू झाली होती. मी दुकान बंद ठेवून गेलो. असं मी लग्नाकार्याशिवाय करत नाही. मॅडम आल्या होत्या, आणि तिचा बाप रेषेजवळ उभा राहायला तयार नव्हता, तो पार कुंपणापाशी जाऊन उभा.

पहिल्या चढाईला ती मध्यरेषेच्या जरा पुढं गेली आणि हात न लावता परत आली. दुसऱ्या वेळेसही. मैदानाबाहेरून कुणीतरी ओरडलं, "अरे, ही भिती का?" मॅडम जागच्या हलल्या नाहीत. तिसऱ्या चढाईला ती आत शिरली, कोपऱ्यातल्या मुलीला हात लावला, आणि उजवा पाय रोवून वळली. मी डोळे मिटले. उघडले तर ती मध्यरेषेच्या अलीकडं हात वर करून उभी होती.

दुसऱ्या डावात तिला पकडलं. चौघींनी. मातीत तिचे पाय दिसेनात, नुसती माणसांची रास. मॅडमनं माझा दंड धरला, तो इतका घट्ट की संध्याकाळपर्यंत दुखत होता. कुंपणापासचा बाप चार पावलं पुढं आला आणि थांबला. मग त्या मुली एकेक करून उठल्या, आणि सगळ्यात शेवटी ही उठली. कपड्यांची माती झटकली आणि बाहेर जाण्याऐवजी सरळ पंचाकडं गेली. तिचं म्हणणं होतं, पकडण्याआधी तिचा हात रेषेला लागला होता. पंच ऐकेनात. ती हातवारे करून सांगत होती, पाय आपटत होती. तोच पाय.

मॅडमनं माझा दंड सोडला. "बघताय का काका," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा वेगळाच येत होता. "तिला आठवतसुद्धा नाही."

पोरीचा संघ चार गुणांनी हरला. येताना आम्ही सगळे त्या जीपमध्येच होतो. मला पुढं बसवलं होतं आणि मागं सगळा संघ कोंबलेला. बाळापूर येईपर्यंत ती पोरगी भांडतच होती, पंचाशी नाही तर स्वतःच्या संघातल्या मुलींशी. कुणी कोपरा सोडला, कुणी उशीर केला, शेवटच्या चढाईला आपण डावीकडून जायला पाहिजे होतं. गुडघ्याची गोष्ट कुणी काढली नाही. एकदा फक्त बापानं मागं वळून विचारलं, "काही तकलीफ न्हाई ना लेकरा?"

"कशाची?" ती म्हणाली, आणि परत भांडायला लागली.